एक किलोचं पाकीट, तुटकी चेन आणि कूलर: माशांच्या खाद्याचा उन्हाळी अनुभव

आधी चेनबद्दल. पाकीट बंद करायची दाबाची चेन दिवाळीत घट्ट बसायची, होळीपर्यंत एका कोपऱ्यात उघडी राहायला लागली. ऑनलाइन विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं, "खाद्यात दोष असेल तर फोटो पाठवा." अहो, खाद्य तेव्हा चांगलंच होतं, ते चांगलं राहावं म्हणून तर चेन लागते! फोटो कशाचा काढू, हवेचा? दोन स्टार तिथेच कापले.

खाद्यावर राग नाही. तरंगणारा दाणा, प्रथिनं 32 टक्के, गोल्डफिश तुटून पडतात. इवल्याशा गप्पी माशांच्या तोंडात मात्र तो मावत नाही, चुरून द्यावा लागतो. चुरा जास्त पडला की तळाशी कुजतो आणि पाण्यात अमोनिया वाढतो. गप्पींच्या टाकीसाठी फ्लेक्सची, म्हणजे पातळ पापुद्र्यांसारख्या खाद्याची, लहान डबी वेगळी घेतलेली बरी.

खान्देशात हवा कोरडी, खाद्याला काय होणार, असं इथे सगळेच म्हणतात. पण मे महिन्यात जळगावात पारा 45 च्या आसपास गेला की कूलर बंद होतो का? बाहेर रखरखाट, आत भिंतीसुद्धा ओलसर. टाकी त्याच खोलीत, पाकीट टाकीच्या स्टँडखाली. उघड्या कोपऱ्यातून दमट हवा शिरली, दाण्यांचे गठ्ठे झाले. शिवाय दाण्यांतलं माशाचं तेल उष्णतेनं खवट झालं. जुन्या शेंगदाण्यासारखा घशाला लागणारा वास. क जीवनसत्त्वही उघड्या पाकिटात कमी होत जातं, ते तर वासावरून कळतही नाही. एके ठिकाणी पांढरी बुरशी दिसली. माय म्हणाली, तेवढं काढून बाकीचं घाल. नाही घातलं. बुरशीचं विष दिसत नाही. पाव किलो कचऱ्यात, जीव तुटला.

तोवर मी भेटेल त्याला किलोचंच पाकीट सुचवायचो, कारण लहान डबीपेक्षा ते फार स्वस्त पडतं. आता किलो आणतो, पण गल्लीतल्या तिघांत वाटून. माझा वाटा फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बाटल्यांत, फ्रीजमध्ये, दह्याच्या भांड्यामागे (यावरून घरात बोलणी खातोय). आठवड्यापुरतं डबीत काढायचं, तेही बाटली बाहेरच्या तापमानाला आल्यावरच उघडून. गार बाटली लगेच उघडली की दाण्यांवर दव धरतं. बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी फेकू नका, बाटलीत टाका, फक्त फाटलेली नको.

गोठवलेल्या ब्लडवर्मच्या (लाल अळ्यांच्या) वड्यांच्या नादी इथे लागू नये. दुपारभर लाईट गेली की वितळतात, पुन्हा गोठवलेल्या घालायची माझी हिंमत नाही. जिवंत ट्युबिफेक्स हे बारीक लाल किडे गटारीच्या गाळातले, त्यांच्याबरोबर रोग येतो. त्यांच्याच सुकवलेल्या वड्या चालतात, काचेला दाबून चिकटवायच्या.

थंडीत मटार स्वस्त झाले की गोल्डफिशला तेच. उकडून, साल काढून, कुस्करून. त्या दिवशी दाणे वाचतात.