डिकीतलं आपत्कालीन किट: तयार विकत घ्यावं की घरातल्या वस्तूंतून जमवावं?

ऑनलाइन मिळणाऱ्या आपत्कालीन किटमध्ये गळ असतो, तारेची करवत असते, शर्टाच्या बटणाएवढं होकायंत्र असतं. बार्शी रोडला भर दुपारी गाडी बंद पडलेल्या माणसाला यातलं काय कामाला येणार? त्याला पाणी लागतं, सावली लागते, अंधार पडला तर उजेड लागतो आणि मोबाइलची बॅटरी संपली तर लक्ष वेधायला काहीतरी लागतं. दुसऱ्या बाजूला, ‘सगळं स्वयंपाकघरातच आहे, एक रुपया खर्च करू नका’ म्हणणारेही आहेत. त्यांचंही पूर्ण खरं नाही.

सोलापूरकरानं दोन्हींना एकच कसोटी लावावी. ही वस्तू मे महिना स्कूटरच्या डिकीत काढेल का? एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४२ च्या पुढे सहज जातो आणि उन्हात उभ्या बंद गाडीच्या आतलं तापमान त्याच्या कितीतरी वर असतं. घरी कपाटात ठेवायचं असेल तर जवळपास काहीही चालतं. डिकीत किंवा ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवायचं असेल तर निम्म्या वस्तू गळतात.

डबी

घरगुती पर्यायांत सगळ्यांना आधी आठवते ती पोरांची जुनी कंपासपेटी. चपटी आहे, खिशात बसते, पत्र्याची आहे. पण बिजागरीच्या फटीतून पाणी आत जातं आणि एका पावसाळ्यात ती गंजते. तिच्यापेक्षा क्लिपची, झाकणाला सिलिकॉनची रिंग असलेली छोटी स्टीलची डबी बरी. झाकण काढून ठेवलं की त्याच डबीत पाणी उकळता येतं. तयार किटच्या नायलॉनच्या पाऊचमध्ये ते होत नाही. हां, झाकण प्लॅस्टिकचं असलं तर ते विस्तवापासून लांब ठेवा.

डबीला वरून बांधायला पुडीचे रबर वापरू नका, उन्हानं ते आधी चिकट होतात आणि मग तुटतात. पंक्चरवाल्याकडून सायकलची फाटकी ट्यूब मागून आणा आणि कात्रीनं तिच्या बोटभर रुंद चकत्या कापा. त्या उन्हाला दाद देत नाहीत, घट्ट बसतात आणि वेळ आली तर ओल्या हवेतही पेटतात. धूर काळाकुट्ट आणि घाणेरडा येतो, तेवढं सोसायचं.

विस्तव

इथे तुलना खरी रंगते. तयार किटमध्ये फेरो रॉड असतो, म्हणजे खरवडली की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी. तो भिजला तरी ठिणगी देतो, उन्हानं बिघडत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतो. अडचण एवढीच की सवय नसलेल्या माणसाला त्यानं विस्तव पेटवणं जमत नाही. ठिणगी पडायला पिंजलेलं, कोरडं काहीतरी लागतं आणि हात बसलेला लागतो. घरच्या अंगणात आधी करून बघितलं नसेल तर त्यावर विसंबू नका.

घरातला पहिला पर्याय लायटर. पण लायटरवरच लिहिलेलं असतं की ५० अंशांच्या वर ठेवू नका, त्यामुळे मेमध्ये तो डिकीत नको, खिशात ठेवा. दुसरा पर्याय मेणबत्तीचा तुकडा. पॅराफिन साधारण ५० ते ६० अंशांत वितळतं, म्हणजे जूनमध्ये डबी उघडल्यावर सगळ्या वस्तूंवर मेणाचा थर आणि मधोमध नुसती वात.

कापूर चटकन पेटतो, ओल्या हातानंही पेटतो. देवघरात असतोच. पण सैल झाकणाच्या डबीत तो उडून जातो आणि उष्णतेनं तर फार लवकर. शिवाय वास बाकीच्या वस्तूंना लागतो, कापराचं ओआरएस कोण पिणार? आणि लहान मुलाच्या पोटात गेला तर तो विषारी आहे. ठेवायचाच असेल तर औषधाच्या घट्ट फिरकीच्या बाटलीत, तोही थोडा.

मला सगळ्यात पटलेला घरगुती पर्याय म्हणजे फुलवात आणि व्हॅसलीन. निरांजनातली फुलवात खऱ्या कापसाची असते. ती व्हॅसलीनमध्ये नीट मळायची, जाड स्ट्रॉच्या दोन इंची तुकड्यात काडीनं सारायची आणि स्ट्रॉची दोन्ही टोकं पकडीत धरून ज्योतीनं चिकटवून टाकायची. उन्हात व्हॅसलीन पातळ होतं, पण कापसात मुरतं, बाहेर येत नाही. वेळ आली की स्ट्रॉ उभी कापायची, कापूस थोडा विस्कटायचा आणि काडी लावायची. नुसती वात भुर्रकन जळून जाते, ही काही मिनिटं धरते, तेवढ्यात वाळक्या काटक्या पेटतात. फेरो रॉडची ठिणगीही ती पकडते. म्हणून विस्तवाच्या बाबतीत माझा कौल मिश्र आहे: रॉड विकतचा, वाती घरच्या.

काडेपेटी ठेवत असाल तर काड्यांबरोबर पेटीची घासायची पट्टीही कापून ठेवा. नुसत्या काड्या दगडावर घासून पेटत नाहीत. गुलाला नेलपॉलिशचा हात दिला तर ओल चढत नाही.

पाणी आणि ओआरएस

पाण्याला पर्याय पाणीच. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरातल्या लोकांना हे सांगायची गरज नाही, तरी किट घेणारे दोन लिटर पाणी घ्यायचं विसरतात.

पाणी शुद्ध करायचं तर तयार किटमधल्या क्लोरीनच्या गोळ्या सरस. घरचे उपाय चालतात, पण प्रत्येकाची हद्द ओळखून. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. सुती साडीचा कपडा आठ पदरी करून पाणी गाळलं तर बराच फरक पडतो. बांगलादेशातल्या गावांत झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यामुळे कॉलरा जवळपास निम्म्यावर आला होता. म्हणजे निम्मा उरलाच. पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत निवळ पाणी भरून सहा तास कडक उन्हात आडवं ठेवलं तर ते जंतूंच्या दृष्टीनं पिण्याजोगं होतं. उन्हाची इथे वानवा नाही, पण रस्त्यात अडकलेला माणूस सहा तास थांबणार नाही. हा उपाय घरी अडकलेल्यांचा. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तसं झालं तरी ढगाळ हवेत बाटली दोन दिवस ठेवावी लागते आणि गढूळ पाण्याला हा उपाय लागू पडत नाही. अशा वेळी उकळणं बरं, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट.

ओआरएसमध्ये मात्र घरच्यापेक्षा विकतचं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. घरचं प्रमाण सोपं आहे: एक लिटर पाण्याला सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पण घरोघरी चमचे वेगळे आणि मीठ जास्त पडलं तर अपाय होतो. पुडी स्वस्त असते, मोजमाप पक्कं असतं. घरीच पुडी बांधणार असाल तर एका लिटरची एक अशीच बांधा आणि पूर्ण वापरा. मोठ्या पिशवीत मिसळून ठेवलं की मीठ खाली बसतं, पहिला पेला गोड आणि शेवटचा खारट. ग्लुकोजची पावडर म्हणजे ओआरएस नव्हे. आणि उन्हानं माणूस बरळायला लागला, शुद्ध हरपली तर तोंडात काही ओतू नका, अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

पांघरूण

तयार किटमधलं चंदेरी ब्लँकेट थंडीसाठी आहे. इथे त्याचा उपयोग सावलीचा, डोक्यापासून हातभर वर ताणून. उन्हात अंगाभोवती गुंडाळलं तर उकडून जाल. त्याच्या जोडीला आपला सोलापुरी टेरी टॉवेल, नॅपकिनच्या आकाराचा. भिजवून मानेवर टाकला की कोरड्या हवेत गारवा देतो, तो जखमेवर दाबायला येतो, गाळायलाही येतो. चादर मात्र घरीच राहू द्या, भिजली की जडशीळ होते. पावसाला युरियाच्या रिकाम्या, धुतलेल्या पोत्याची खोळ सगळ्यात भारी, शेतकऱ्यांना सांगायला नको.

खाणं

चॉकलेट लावलेले एनर्जी बार इथे एप्रिलच्या पुढे चमच्यानं खावे लागतात. कडक भाकरी तुकडे करून कोरड्या डब्यात ठेवली तर आठवडे टिकते. शेंगदाण्याची चटणी टिकत नाही, तेलामुळे उन्हात खवट होते, तेव्हा ती निघताना घ्या. पाणी कमी असेल तर भाकरीला हात लावू नका, कोरड्या घासानं तहान वाढते.

बाकीचं

सुतळी, सेफ्टी पिना, पुठ्ठ्यात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड हे घरचंच घ्या. ब्लेड सर्पदंशावर चिरा द्यायला अजिबात नाही. चिरा नाही, आवळून बांधणं नाही, माणसाला कमीत कमी हलवत सरळ दवाखाना.

शिट्टी विकत घ्या, आत गोळी नसलेली. गड्ड्याच्या जत्रेतल्या शिट्टीतली गोळी ओली झाली की अडकते. (कुकरची शिट्टी तोंडानं वाजत नाही, हे विचारणारे भेटतात म्हणून सांगितलं.) थांबून थांबून तीन शिट्ट्या हा मदतीचा इशारा समजला जातो.

टॉर्चही विकतचा. मोबाइलचा उजेड फोनसाठी राखलेली बॅटरी खातो आणि कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांना चांदणं असलं तरी मागच्या ट्रकला तुम्ही दिसायला हवं. उष्णतेनं सेल पाझरतात, म्हणून सेल आणि स्प्रिंगच्या मध्ये जाड कागदाचा कपटा अडकवून ठेवा आणि दर उन्हाळ्यानंतर सेल बदला. कपटा काढायचा असतो हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी टॉर्च बिघडला म्हणून कुणीतरी फेकून द्यायचं.