फॅन बदलल्याचे पैसे घेतले आणि लॅपटॉपचा वेग निम्मा करून दिला

लॅपटॉपचा आवाज करणारा फॅन बदलून देतो असे सांगून २,९०० रुपये घ्यायचे, प्रत्यक्षात फॅनला हातही लावायचा नाही आणि एका सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरचा वेग निम्म्यावर आणून ठेवायचा, असा प्रकार यंदाच्या उन्हाळ्यात माझ्यासोबत घडला. दुकानात उभे राहून ही फसवणूक ओळखणे फार कठीण आहे, कारण ग्राहकाची तक्रार आवाजाची असते आणि आवाज तर खरोखरच थांबलेला असतो. आमच्या भागात अनेकांची रोजची कामे अशाच एका लहान लॅपटॉपवर चालतात, म्हणून जे झाले ते सविस्तर लिहीत आहे.

माझे गाव यवतमाळ जिल्ह्यात, कापसाच्या पट्ट्यात आहे आणि तिथे मी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे केंद्र चालवतो. लॅपटॉप १३ इंची आहे. त्यात इंटेलचा कोअर आय-फाइव्ह ८२५०यू हा प्रोसेसर असून त्याचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आहे, आणि कामाचा भार वाढला की तो थोड्या वेळासाठी ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकतो. अशा पातळ लॅपटॉपमध्ये तांब्याची एक चपटी नळी, म्हणजे हीट पाइप, प्रोसेसरची उष्णता कडेच्या बारीक पत्र्यांच्या जाळीपर्यंत नेते आणि एकच लहानसा फॅन त्या जाळीतून गरम हवा बाहेर फेकतो. भाव वाढण्याची वाट पाहत आमच्याकडे कापूस घरातच साठवला जातो, त्यामुळे त्याचे तंतू हवेत असतातच. ते धुळीसोबत या जाळीत अडकतात, हवेची वाट बंद होते आणि फॅन अधिकाधिक वेगाने फिरू लागतो. त्यात मे महिन्यात बाहेर पारा ४४-४५ अंशांवर गेला की फॅनचा आवाज समोर बसलेल्या माणसाच्या बोलण्यावरही चढतो.

तालुक्याच्या गावातील दुकानदाराने लॅपटॉप कानाशी धरला आणि फॅनचे बेअरिंग गेले आहे, शिवाय हीट पाइपमधला गॅस संपला आहे, तो भरावा लागेल, असे सांगितले. फॅनचे १,५००, गॅस भरण्याचे ८०० आणि प्रोसेसरची उष्णता हीट पाइपकडे जावी म्हणून मध्ये लावायच्या परदेशी कूलिंग पेस्टचे ६०० असा हिशेब त्याने मांडला, आणि लॅपटॉप ठेवून जाण्यास सांगितले. संध्याकाळी परत घ्यायला गेलो तेव्हा लॅपटॉप अगदी शांत होता. "आता आवाज येते का, पाहून घ्या न भाऊ," असे म्हणून त्याने काढलेला जुना फॅनही पॉलिथिनमध्ये घालून माझ्या हाती दिला. जुना भाग परत मिळाला की ग्राहकाचा विश्वास बसतो, हे त्याला नेमके ठाऊक होते.

दहावी-बारावीचे निकाल लागल्यावर उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमिलेअर यांसाठी विद्यार्थी आणि पालक केंद्रावर येऊ लागले, तेव्हा खरी परिस्थिती दिसू लागली. स्कॅन केलेली कागदपत्रे ठरलेल्या आकारात लहान करून अपलोड करायची असतात; पूर्वी क्षणात होणाऱ्या या कामाला आता मिनिटे लागत होती. खेड्यात नेटवर्कची अडचण नेहमीचीच, त्यामुळे असा संथपणा तिच्या खात्यावर जमा होतो, आणि ही युक्ती खपते ती बहुधा त्यामुळेच. परंतु हे काम तर इंटरनेटशिवाय लॅपटॉपच्या आतच चालत होते. चालू कामे आणि प्रोसेसरचा वेग दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स या भागात पाहिले तेव्हा कितीही काम दिले तरी प्रोसेसरचा वेग ०.८ गिगाहर्ट्झच्या पुढे सरकत नव्हता. त्यानंतर कंट्रोल पॅनलमधील पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटखाली मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाची टक्क्यांतली कमाल मर्यादा, पाहिली. एरवी १०० असणारा हा आकडा बॅटरी आणि चार्जर या दोन्हींसाठी ५० करून ठेवलेला होता. तो १०० केला आणि काही मिनिटांतच फॅन पूर्वीसारखा गरजू लागला, तापमान ९० अंशांच्या पुढे गेले.

यानंतर मी लॅपटॉप अमरावतीला एका दुसऱ्या कारागिराकडे नेला आणि माझ्यासमोरच उघडायला सांगितला. जाळीवर धूळ आणि कापसाच्या तंतूंचा नमद्यासारखा जाड थर तसाच बसलेला होता. प्रोसेसरवरील पेस्ट वाळून तिचे पापुद्रे झालेले होते, म्हणजे ती बदललेली नव्हतीच. पॉलिथिनमधला फॅन तर या लॅपटॉपचा असूच शकत नव्हता: त्याला तीन तारा होत्या आणि माझ्या लॅपटॉपच्या फॅनला चार आहेत, स्क्रूची भोकेही जुळत नव्हती. गॅसची गोष्ट तर सरळसरळ खोटी निघाली. हीट पाइप ही दोन्ही टोकांनी कायमची बंद केलेली नळी असते. तिच्यात अगदी थोडा द्रव, बहुधा पाणीच, असतो, तो गरम टोकाला वाफ होऊन थंड टोकाला पुन्हा द्रव होतो आणि आतल्या आत फिरत राहतो. तिला भरण्याचे तोंडच नसते. फ्रिज आणि एसीत गॅस भरतात हे सर्वांना माहीत असते, त्या माहितीचाच हा गैरवापर आहे, आणि मला सर्वाधिक संताप याच गोष्टीचा आहे.

अमरावतीच्या कारागिराने जाळी साफ केली, हवा मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवली, कारण ती मोकळी सोडल्यास मर्यादेबाहेर फिरून बेअरिंग खराब होऊ शकते; जुनी पेस्ट पुसून वाटाण्याच्या दाण्याएवढी नवी लावली आणि ५०० रुपये घेतले. फॅन मूळचाच ठेवला, कारण त्यात दोष नव्हता. आता तेवढ्याच भाराला तापमान ८० अंशांच्या आसपास राहते. त्याने हेही स्पष्ट सांगितले की फॅन खोलीतलीच हवा ओढतो, तेव्हा खोलीच ४० अंशांवर असेल तर भर दुपारी तो वाजणारच. उन्हाळ्यात काम करतानाही फॅनचा आवाजच येणार नाही अशी हमी कोणी देत असेल, तर तिथेच थांबून तो नेमके काय करणार आहे हे विचारावे.

वेगावर मर्यादा घालणे हे मुळात गैर नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तोच आकडा ९९ केला तर बहुतेक इंटेल लॅपटॉपमध्ये प्रोसेसरची तात्पुरती वेगवाढ थांबते, तापमान उतरते, आणि टायपिंगसारख्या हलक्या कामात फरक जाणवतही नाही. हा बदल फुकट होतो, कोणालाही घरी करता येतो. ग्राहकाला न सांगता तो आकडा ५० वर आणणे आणि त्याला नवा फॅन, गॅस व पेस्ट अशी नावे देऊन पैसे घेणे, ही मात्र फसवणूकच आहे.

लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी आणि परत घेताना, एखादे जड काम चालू ठेवून टास्क मॅनेजरमधला वेग आणि एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममधले तापमान दोन्ही पाहावे. आवाजही उतरला आणि वेगही उतरला, तर दुरुस्ती झालेली नाही. मागचे झाकण आपल्यासमोर उघडायला लावावे, आतला फोटो काढावा, आणि फॅन बदलला असेल तर त्याच्या लेबलवरचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा.

मी दुकानदाराला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवून रक्कम परत मागितली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते. ज्यांच्या बिलावर हीट पाइपमध्ये गॅस भरल्याची नोंद असेल त्यांनी ही सेटिंग आजच तपासावी, परंतु आकडा १०० करण्याआधी तारखेसह दिसणाऱ्या स्क्रीनचा फोटो अवश्य काढून ठेवावा, कारण आकडा बदलला की तो पुरावा हातचा जातो.