७२ तासांची गोळी: काम चोख, माहितीपत्रक अपुरं

निरोध फाटला आणि इतक्यात तिसरं मूल नको होतं, म्हणून ही घेतली. लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, एकच गोळी. ७२ तासांची मुदत असली तरी जितकी लवकर घ्याल तितका गुण जास्त, म्हणून मेडिकल उघडताच यांना पाठवलं. मळमळलं, डोकं जड झालं. उलटी झाली नाही. दोन तासांच्या आत झाली असती तर पुन्हा घ्यावी लागली असती.

खरी काळजी पुढे लागते. मधेच थोडं लाल गेलं, पण ती पाळी नव्हे. ही गोळी स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते, त्यामुळे पाळी आठवडाभर मागेपुढे होऊ शकते. माझी लांबली आणि झोप उडाली. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, घाईने टेस्ट करू नका. संबंधाला तीन आठवडे होऊ द्या, मग सकाळच्या पहिल्या लघवीवर करा." एकच रेघ आली. नंतर पाळीही आली, जरा जास्तच.

एक तारा कापते तो माहितीपत्रकासाठी. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं! फिट किंवा टीबीच्या काही औषधांनी गोळीचा असर कमी होतो, राहिलेला गर्भ तिने पडत नाही, पोटात एका बाजूला जोरात दुखलं तर लगेच डॉक्टर गाठायचा, हे मराठीत ठळक छापायलाच हवं.

दर महिन्याला घेण्याची ही गोळी नाही. मी तांबी बसवून घेतेय, सरकारी दवाखान्यात ती मोफत बसवतात.