साधं ओआरएसचं पाकीट : चव बेकार, काम चोख

रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार चवीचा कापलाय, आणि पाकिटावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांसाठी अजून थोडा कापायला हवा होता पण जाऊ दे. हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीचा नाहीये, मेडिकलमधे जुलाब-उलट्यांसाठी जी साधी मीठ-ग्लुकोजची पावडर मिळते ना, पाकिटावर डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) फॉर्म्युला लिहिलेली, एक लिटर पाण्यात घालायची, वीस-बावीस रुपयांची, तिचा आहे. आमच्याकडे लोक सरसकट "इलेक्ट्रॉल द्या" म्हणतात, मेडिकलवाले काका जे हाताला येईल ते देतात, आणि फॉर्म्युला तोच असेल तर कंपनीने काही फरक पडत नाही.

आम्ही सिंहगड रोडला राहतो. २०२५ च्या जानेवारीत इकडे काय झालं ते पुणेकरांना सांगायला नको. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सगळीकडे जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) भीती, दोनशेच्या वर संशयित पेशंट, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आधी जुलाब होऊन गेलेले, तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे जुलाबाचे जंतू सापडले, विहिरीच्या पाण्यावर संशय. तेव्हापासून आमच्या सोसायटीत कुणाच्या पोराला दोनदा पातळ शी झाली तरी ग्रुपवर पन्नास मेसेज पडतात. जीबीएस तसा दुर्मिळच हो, पण जुलाब काही दुर्मिळ नाहीत, पावसाळा लागला की घरोघरी चालूच. आणि एवढ्या मेसेजमधे काय असतं तर कुठलं अँटिबायोटिक, कुठलं प्रोबायोटिक, कुठल्या हॉस्पिटलमधे बेड आहे. अंगातून गेलेलं पाणी भरून काढायचं कुणी बोलतच नाही. म्हणून म्हटलं आपणच लिहू.

तर प्रॉडक्ट. पाकिटात साधारण २१ ग्रॅम पावडर असते. त्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, साधं मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, उरलेला थोडा फ्लेवर. बास. पाठीमागे हे आकडे दिसले की डोळे मिटून विकत घ्या. आधी फॉर्म्युला जरा जास्त कडक होता, २००२ साली डब्ल्यूएचओ आणि युनिसेफने तो हलका केला, कारण नव्या प्रमाणात उलट्या कमी होतात आणि सलाईन लावायची वेळ कमी मुलांवर येते असं दिसलं. पाकिटावर ऑस्मोलॅरिटी (म्हणजे द्रावण किती कडक ते) २४५ असं काहीतरी लिहिलेलं असतं ते हेच.

हे काम कसं करतं ते आमच्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा नीट समजावलं होतं, तेव्हापासून माझा विश्वास बसला. आतड्याच्या पेशी मीठ आणि ग्लुकोज जोडीनेच आत घेतात, आणि ती जोडी आत गेली की पाणी आपोआप मागोमाग जातं. कितीही जुलाब होत असले, अगदी कॉलरा असला तरी ही सोय चालू राहते. पण त्यासाठी दोघांचं प्रमाण बरोबर पाहिजे. साखर फार झाली तर उलटं होतं, ती साखर आतड्यात बसून अंगातलंच पाणी बाहेर ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणजे "पोरगं गोड पितंय तर पिऊ दे, पाणी तर जातंय ना पोटात" हे जे आपण म्हणतो ते इथे चालत नाही. कोल्ड्रिंक नको, डब्यातला ज्यूस नको.

१९७१ साली बांगलादेशातून निर्वासित आले तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोजच्या पुड्या बांधून घेतल्या, ड्रममधे पाणी कालवलं आणि नातेवाईकांनाच सांगितलं की पाजत बसा. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ च्या खाली आलं. नर्स नाही, सुई नाही, आई-बाप पेला धरून बसलेले. या माणसाला पद्मविभूषण मिळालं २०२३ मधे, गेल्यानंतर. असो.

आता तक्रारी. पहिली म्हणजे चव. ऑरेंज फ्लेवर म्हणजे खारट गोळी विरघळवल्यासारखी लागते, लेमन थोडं बरं. माझी धाकटी चार वर्षांची आहे, ती पहिल्या घोटाला तोंड फिरवते. पण यात एक गंमत आहे, पोर खरंच कोरडं पडलेलं असेल तर हेच पाणी घटाघटा पितं, आणि अंगात पाणी आलं की परत "शीऽऽ" सुरू होतं, तेव्हा समजायचं की सुधारतंय. थंड करून दिलं तर बरं जातं. चमच्याने, थोडं थोडं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि परत चमचा चमचा सुरू करायचं, बंद करायचं नाही. पेलाभर एकदम दिलं की हमखास उलटी आणि मग "याला ओआरएस टिकतच नाही" म्हणून सगळे थेट सलाईनकडे धावतात.

चव सुधारायला वरून साखर, ज्यूस, ग्लुकोन-डी घालू नका प्लीज. आमच्या खालच्या मजल्यावर हेच चालायचं.

दुसरी तक्रार मोठी आहे आणि ती कंपन्यांनी खरंच मनावर घ्यावी. पाकीट एक लिटरचं, पण घरी लोक करतात काय तर पेलाभर पाण्यात अर्धी पुडी, अंदाजाने. किंवा अख्खी पुडी एका ग्लासात! हे तर धोक्याचं आहे, रक्तात मीठ वाढतं, लहान बाळाला झटके येऊ शकतात. सूचना असतात हो, पण इंग्रजीत, फोल्डच्या आत, भिंग घेऊन वाचाव्या लागतील अशा. महाराष्ट्रात विकता ना, मग "एक लिटर पाण्यात पूर्ण पाकीट, २४ तासांत संपवा, उरलं तर फेकून द्या" एवढं मराठीत ठळक छापायला काय होतं? २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, चार ग्रॅमच्या वरची, ती मला जास्त आवडतात, एका पेल्याला एक, हिशोब सोपा, प्रवासात पर्समधे बसतात. पण दोन्ही साईज घरात असतील तर वेगवेगळ्या डब्यात ठेवा नाहीतर रात्री दोन वाजता झोपेत गोंधळ ठरलेला.

किती द्यायचं? दोन वर्षांखाली दर पातळ शी मागे ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांना १०० ते २०० मिली, त्याच्या वर मागेल तेवढं. बाळ अंगावर पीत असेल तर ते चालूच ठेवायचं. जेवणही बंद करायचं नाही.

सासूबाईंचं म्हणणं असं की हे सगळं नवीन खूळ आहे, "आम्ही तांदळाची पेज नि ताक देऊनच पोरं वाढवली". तर आईंचं चुकीचं नाहीये, मीठ घातलेली पेज, ताक, घरचं वरणाचं पाणी हे सगळं द्यायचंच असतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हेही चालतं, चमचा चहाचा. सपाट म्हणजे सपाट, शीग नाही. फक्त त्यात पोटॅशियम नसतं, म्हणून पाकीट मिळालं की पाकिटावर यायचं.

आता त्या ज्यूससारख्या तयार गोड पेयाच्या टेट्रा पॅकबद्दल, कारण खरा राग तिथेच आहे. मेडिकलच्या काउंटरवर, अगदी समोर, सफरचंदाचं चित्र, संत्र्याचं चित्र, आणि नावात ओआरएस ही अक्षरं असायची. २०० मिलीला चाळीसच्या आसपास. मी एकदा पाठीमागचं वाचलं, शंभर मिलीत अकरा ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे एका पॅकमधे बावीस ग्रॅम. डब्ल्यूएचओच्या ओआरएसमधे तेवढ्याच पाण्यात तीन ग्रॅमही नसते. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं की हे डब्ल्यूएचओने सांगितलेलं ओआरएस नाही. म्हणजे पुढे मोठ्याने हो आणि मागे हळूच नाही.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध आठेक वर्षं लढा दिला, कोर्टातही गेल्या. मधल्या काळात एफएसएसएआयने (खाद्यपदार्थांचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) डिस्क्लेमर छापून नाव वापरायची मुभासुद्धा दिली होती, शेवटी १४ ऑक्टोबर २०२५ ला ती काढून घेतली, की कुठल्याही पेयाच्या नावात ओआरएस हे अक्षर आगेमागे कुठेही लावायचं नाही. लगेच कंपन्या दिल्ली हायकोर्टात. नाव गेलं तरी रंग, चित्र आणि काउंटरवरची जागा कुठे जाते? एकदा रात्री मी ओआरएस मागितलं तर काउंटरवरच्या मुलाने बिनधास्त ज्यूसचा पॅक पुढे केला, म्हटलं पावडर द्या, तर म्हणे "मॅडम हे रेडीमेड आहे, मुलं आवडीने पितात". आवडीने पितात हाच तर प्रॉब्लेम आहे बाबा.

मोठ्या मुलांचं अजून वेगळंच. आमचा थोरला चौदाचा, फुटबॉलला जातो, तिथे प्रत्येकाच्या बॅगेत असलं काहीतरी असतं, एनर्जी येते म्हणे. तासभर खेळून आल्यावर पाणी आणि लिंबू सरबत पुरतं, ओआरएस हे रोज प्यायचं पेय नाहीये, आणि गोड पॅक तर नाहीच. एप्रिल-मेच्या उन्हात मॅच असेल, घाम धो-धो, डोकं दुखतंय, तेव्हा ठीक आहे, खरं ओआरएस द्या. पण या वयाच्या मुलांची खरी अडचण म्हणजे ती सांगतच नाहीत. चार वर्षांची बोंब मारते, चौदाचा दार लावून बसतो, शाळेत बाथरूमला जायला नको म्हणून पाणीच पीत नाही, आणि संध्याकाळी चक्कर येते तेव्हा कळतं. डॉक्टरकडे चल म्हटलं तर भिंतीवर हत्ती-ससे रंगवलेल्या क्लिनिकमधे बसायची लाज वाटते. वास्तविक बालरोगतज्ज्ञ अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना बघतात. क्लिनिकवाल्यांनो, एखादी भिंत या पोरांसाठी साधी ठेवा ना.

झिंकबद्दल दोन ओळी, कारण तो याच प्रॉडक्टचा जोडीदार आहे आणि लोक त्याला विसरतात. सहा महिन्यांवरच्या मुलांना रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, आणि पूर्ण १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस, कारण पुढच्या दोन-तीन महिन्यांत परत होण्याची शक्यता त्याने कमी होते. गोळी चमचाभर पाण्यात विरघळते, चव लोखंड चाटल्यासारखी, पण गिळली जाते. जुलाब थांबवायच्या मोठ्यांच्या गोळ्या मात्र लहान मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नका, आणि अँटिबायोटिकही नाही, बहुतेक वेळा व्हायरल असतं.

आणि ओआरएस हे सगळ्यावरचं उत्तर नाही हेही सांगते. शीमधे रक्त, सहा-सात तास शू नाही, डोळे खोल गेलेले, पोर मलूल पडलंय, पाणी पीतच नाही किंवा काहीच पोटात टिकत नाही, तर पाकीट ठेवा बाजूला आणि दवाखान्यात निघा. रस्त्यात चमचा चमचा पाजत गेलात तरी चालेल पण निघा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना रोटाव्हायरस या जुलाबाच्या विषाणूवरच्या लसीचे डोस असतात, सरकारी लसीकरणात फुकट, ते चुकवू नका. लस घेतली म्हणजे जुलाब होणारच नाहीत असं नाही, पण जोरदारवाले बरेच टळतात.

विकत घ्यायच्या आधी एक, पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर ओआरएस आणि झिंक सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पावसाळ्याच्या तोंडाला मोहीम असते तेव्हा आशाताई घरी येऊन पाकीट देतात आणि कालवून कसं पाजायचं ते दाखवतातही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना हे माहीतच नव्हतं, नातवाला जुलाब झाले की दिवसाला दोन-तीन टेट्रा पॅक आणायच्या, म्हणजे शंभरेक रुपये, तेही साखरेच्या पाण्यावर. आता त्या वस्तीतल्या आशाताईंकडूनच पाकिटं घेऊन ठेवतात, झिंकसकट.