अ‍ॅसिडच्या लाइनवर डायफ्रॅम व्हॉल्व्ह: घ्या, पण बोल्ट बघा

बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीत आमच्या ३२ टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या लाइनवर हल्ली आतून पीएफए या न गंजणाऱ्या प्लास्टिकचं अस्तर असलेले डायफ्रॅम व्हॉल्व्ह बसवलेत. बडोद्यातल्याच एका व्यापाऱ्याकडून घेतले. आधीच्या व्हॉल्व्हचं ग्लँड पॅकिंग (दांड्याभोवतीची गळती रोखणारी भरण) कितीही आवळा, दांड्यापाशी थेंब डोकावायचाच, आणि वाफेनं शेजारचे नटबोल्ट गंजायचे. ३१६ स्टेनलेसचं तर नावच नको, हे अ‍ॅसिड त्याला खाऊन टाकतं.

यात दांडा अ‍ॅसिडला शिवतच नाही. मधे पडदा असतो: अ‍ॅसिडच्या बाजूला पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन), पाठीला ईपीडीएम रबर. चाक फिरवलं की पडदा मधल्या उंबऱ्यावर दाबून बसतो. ग्लँडच नाही, मग आवळणार काय?

बोल्ट! पीटीएफई दाबाखाली हळूहळू पसरतं, म्हणून बॉनेटचे, म्हणजे वरच्या झाकणाचे, बोल्ट सैल पडतात. लाइन एकदा तापून थंड झाली की दाब उतरवून, टॉर्क रेंचनं, समोरासमोरच्या जोड्यांनी ते पुन्हा आवळावे लागतात. व्यापारी हे सांगत नाही. ‘काका, बसवा आणि विसरा,’ म्हणे! त्यात आमच्या ऑपरेटर मंडळींना चाकाला पाइप अडकवून जोर लावायची खोड. त्यानं पडदाच चिरतो.

अस्तराची स्पार्क टेस्ट (विजेच्या ठिणगीनं बारीक छिद्रं शोधायची चाचणी) डोळ्यांसमोर करून घ्या. सुटे पडदे व्हॉल्व्हबरोबरच मागवा, नंतर त्याच मापाचे मिळवताना नाकीनऊ येतात. जास्त दाबाच्या, फार तापलेल्या लाइनला मात्र हा व्हॉल्व्ह नको, तिथे बेलोज सीलवालाच (घडीदार नळीनं दांडा झाकणारा) पाहा.