गुन्हा की अपराध?

भाची वकिली शिकते. तिने विचारलं, "मामा, अर्जात गुन्हा लिहू की अपराध?"

गुन्हा फारसी 'गुनाह'वरून आला. हिंदी-उर्दूत गुनाह पापाकडे झुकतो, मराठीत मात्र तो थेट पोलीस ठाण्यात गेला: गुन्हा दाखल झाला, गुन्हेगार फरार. अपराध संस्कृत, अप (दूर) + राध् (साधणे). नेम चुकलेल्या बाणालाही संस्कृतात 'अपराद्ध' म्हणत. मला ही व्युत्पत्ती फार आवडते, कारण चुकणाऱ्याची धडपडही तिच्यात दिसते. म्हणूनच देवापुढे आपण "अपराध पोटात घाल" म्हणतो. तिथे 'गुन्हा' कानाला खटकतो.

ठाण्यातली तक्रार किंवा बातमी असेल तर गुन्हा. कायद्याच्या कलमाची भाषा किंवा मनापासूनची माफी असेल, तर अपराध.