ओबोची सिंथेटिक रीड: संगीताच्या ग्रेड परीक्षेच्या तयारीत पावसाळाभर वापरल्यावर

ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य; त्याच्या सिंथेटिक (प्लास्टिकच्या) रीडच्या, म्हणजे तोंडात धरायच्या दुहेरी पातीच्या, टोकाला बारीक चीर गेली आणि विक्रेत्याने कळवलं की झीज वॉरंटीत बसत नाही. हाताने केलेल्या पाच-सहा केन (बोरूसारख्या गवताच्या) रीडचे पैसे एका सिंथेटिकला मोजल्यावर हे उत्तर झोंबतंच. तरीही ‘घेऊ नका’ असं सरसकट सांगता येत नाही.

आधी सोय. केन रीड दोन-तीन मिनिटं पाण्यात ठेवावी लागते. जास्त भिजली की तोंड फाकतं, कमी भिजली की खालचे सूर उशिरा बोलतात. परीक्षेत ऑरल टेस्ट (ऐकून उत्तरं द्यायची चाचणी) चालू असताना ओबो बाजूला असतो. एसीच्या खोलीत तेवढ्या वेळात केन सुकते आणि मग साइट-रीडिंगचा (आधी न पाहिलेलं तिथल्या तिथे वाचून वाजवण्याचा) पहिलाच सूर अडकतो. सिंथेटिकला हा प्रश्नच नाही. मुंबईच्या जुलैत बंद डबीतल्या केनला बुरशी धरते, तोही ताप वाचतो.

आता मुख्य तक्रार: स्टेपलचा (पाती ज्या धातूच्या नळीवर दोऱ्याने बांधतात तिचा) कॉर्क. तो जाड आला होता, त्यामुळे रीड शेवटचे दीड-दोन मिलिमीटर आत जातच नव्हती. दिसायला किरकोळ, पण स्टेपलचं टोक तळाला टेकलं नाही की मधे पोकळी राहते आणि ओबोच्या नळीचा निमुळता आकार नेमका तिथेच तुटतो. सूर उतरतो, ऑक्टेव्ह-कीवरचे (वरच्या सप्तकाचे) सूर डळमळतात. मग विद्यार्थी सूर वर आणायला रीड चावायला लागतो, आवाज चिमटतो, ओठ दहा मिनिटांत थकतात, आणि सगळे दोष देतात ओठांना! इतक्या महाग वस्तूचा कॉर्क मापात नसावा, हे मला अजून पटत नाही.

उपाय घरी होतो. 400 नंबरच्या पॉलिश पेपरची बोटभर रुंद पट्टी कॉर्कभोवती धरा, रीड दोऱ्याच्या खाली पकडा (पात्यांना हात नको) आणि तीन-चार वेळा फिरवा. घालून बघा, पुन्हा फिरवा. शेवटी कॉर्क ग्रीसचं बोट. जास्त घासला गेला आणि रीड हलायला लागली तर नळाच्या टेफ्लॉन टेपचा एक वेढा पुरतो.

साथीचा पियानो उतरलेला असला की रीड थोडी बाहेर ओढून जुळवायची सवय असते. ती नको, कारण तीच पोकळी पुन्हा तयार होते. केन वापरणारा 46 ऐवजी 47 मिलिमीटरच्या, म्हणजे लांब स्टेपलची, सूर उतरवणारी रीड काढतो. एकच सिंथेटिक असेल तर हा पर्याय हातात नसतो. शिवाय ती तोंडात तापली की नरम पडते, म्हणून पाच मिनिटं वाजवल्यावरच ‘ए’ हा सूर जुळवा.

सुरुवातीला मत फारच चांगलं झालं होतं. खालचे सी, बी, बी फ्लॅट हळू आवाजातही लगेच लागत होते, स्केल्स स्वच्छ येत होत्या. संथ पीस (परीक्षेतली रचना) हाती घेतल्यावर मत बदललं. सूर विरवत नेताना केन शेवटपर्यंत साथ देते, ही मधेच बंद होते. फोर्क्ड एफ (उजव्या हाताचं मधलं बोट उचलून घेतलेला एफ) घुसमटतो. ई फ्लॅटची की जोडली तर थोडा मोकळा होतो. तुमच्या ओबोला लेफ्ट एफ (डाव्या हाताची एफची की) असेल तर डी–एफ आणि ई फ्लॅट–एफ या जागी तोच घ्या.

श्वासाचं गणितही बदलतं. ओबो वाजवताना हवा संपत नाही, छातीत शिळी हवा साचते. जर्मन संगीतकार शूमनच्या 1849 च्या रोमान्स या रचनांमध्ये ओबोला विसावा जवळपास नाहीच, तिथे हे सर्वात जास्त जाणवतं. म्हणून पेन्सिलीने दोन वेगळ्या खुणा करा: इथे श्वास सोडायचा, इथे घ्यायचा. मोकळ्या रीडवर हवा लवकर जाते आणि याच खुणा एखादं माप (बार) अलीकडे सरकतात. ज्या रीडवर परीक्षा द्यायची, तिच्यावरच खुणा ठरवा.

मार्कांकडे बघून माझा निर्णय असा. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या प्रॅक्टिकलमध्ये 150 पैकी 90 मार्क तीन पीसेसचे आणि 21 स्केल्सचे. ट्रिनिटी या दुसऱ्या मंडळात 100 पैकी 66 पीसेसचे. इतका भार पीसेसवर असताना तिथे केनच हवी. स्केल्स, साइट-रीडिंग आणि रोजची बोटं सिंथेटिकवर करा, केनचं आयुष्य आणि पैसे दोन्ही वाचतील. परीक्षेआधी महिनाभर दोन केन रीड आलटून पालटून वापरा आणि तिन्ही पीसेस न थांबता, साथीसह त्यांच्यावरच वाजवा. सिंथेटिक खिशात राहू द्या: केन ऐनवेळी फुटली तर तीच वाचवेल.

पुन्हा घेणार? हो, पण कडकपणात मीडियम-सॉफ्टऐवजी मीडियम, आणि पैसे देण्याआधी स्वतःच्या ओबोत तळापर्यंत घालून बघूनच. मागवून घेत असाल तर कॉर्कमुळे परत घेतील का, हे लेखी विचारून ठेवा.